खुर्चीतला सबवूफर

एकदा एका नगरात रेडिओ आणि ध्वनियंत्रे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. लोक त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली मोरेश्वर नावाचा शिष्य सतरा वर्षे काम शिकला होता. शिष्य म्हणायचे, पण त्याचेही वय आता बावन्न झाले होते. घरात तो एकटाच असे. पत्नी वृंदा जाऊन तीन वर्षे झाली होती.

वृंदा तबला वाजवीत असे. घरच्याच एका बैठकीत तिने केलेल्या साथीचे ध्वनिमुद्रण मोरेश्वरने स्वतः केले होते. माणसे पांगल्यावर तिने विचारले होते, "माझा डावा हात कसा वाटला हो? खरं सांगा." मोरेश्वर वायरी गुंडाळत होता. मान वर न करता तो म्हणाला होता, "छान." वस्तुतः त्याने डाव्या हाताचा डग्गा ऐकलाच नव्हता. त्याचे सारे लक्ष यंत्राच्या काट्याकडे होते.

आता त्याला तो डावा हात ऐकायचा होता. पण घरातले दोन लहान स्पीकर उजव्या हाताचे टणक बोल तेवढे देत. डग्ग्याचा खोल घुमारा त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून त्याने सबवूफर आणला. खोल स्वर वाजवणारी ती जड पेटी कोपऱ्यात ठेवली आणि तो आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसला. डग्गा आला खरा, पण गोधडीत गुंडाळल्यासारखा. एक ठोका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, काही कळेना. त्याने आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवला. आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या सरोजवहिनी जिना चढून आल्या.

"भावोजी, मैफल तुमची आणि नाचतात आमच्या बश्या! काय ऐकायचं ते एकदाचं ऐकून घ्या बाई."

"तेच तर होत नाही, वहिनी," मोरेश्वर म्हणाला. वहिनी खाली गेल्या.

तो आबांकडे गेला. "पेटी परत करतो. वृंदाचा डावा हात मुद्रणात उतरलाच नसावा."

"कर की परत," आबा म्हणाले. "पण आधी तुझ्या घरी चहा पाज. तीन वर्षांत बोलावलं नाहीस."

संध्याकाळी आबा आले. येताना लांब वायरीचे भेंडोळे घेऊन आले. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "पेटी उचल आणि खुर्चीत ठेव."

"माझ्या खुर्चीत?"

"दुसरी कुणाची आहे का इथे?"

मोरेश्वरने पेटी खुर्चीत ठेवली, वायर जोडली. "मग मी कुठे बसू?"

"बसू नकोस. रांग. कान पेटीच्या उंचीवर ठेव आणि भिंतीच्या कडेने पुढे सरकत जा."

"आबा, बावन्न वर्षांचा आहे मी!"

"मग सावकाश रांग. घाई कुणाला आहे?"

मुद्रण सुरू झाले आणि मोरेश्वर गुडघ्यांवर आला. कोपऱ्यात नुसतीच घरघर होती. खिडकीखाली ती थोडी विरळ झाली. मग दिवाण आला. वृंदा रियाजाला बसायची ती जागा. तिथे डग्गा जवळजवळ नाहीसाच झाला. मोरेश्वर तिथून हलेना. ताल फिरून पुन्हा समेवर आला, तरी तो कान लावून तसाच राहिला.

"येत नाही ना तिथे?" आबांनी विचारले.

"नाही."

"मग पुढे सरक."

"इथेच यायला हवं होतं, आबा."

"हवं असेल. खोलीला ते ठाऊक नाही."

मोरेश्वर पुढे सरकला. दाराशी चपलांच्या घडवंचीजवळ पोहोचला आणि थबकला. इथे प्रत्येक ठोका वेगळा होता. मनगट कातड्यावरून सरकताना निघणारा घुमारासुद्धा स्पष्ट वर चढत होता.

"इथे," तो म्हणाला.

दोघांनी घडवंची हलवून तिथे पेटी ठेवली. मोरेश्वर खुर्चीत बसला. आबांनी आवाज निम्म्याहून कमी केला, तरी डग्गा स्वच्छ आला.

"खोल स्वर खोलीतल्या काही जागी तुंबतो, काही जागी विरतो," आबा म्हणाले. "खुर्चीतून दाराशी तुझ्या कानापर्यंत तो जसा पोहोचला, तसाच दारापासून खुर्चीपर्यंत पोहोचतो. म्हणून पेटीला तुझ्या जागी बसवलं आणि तुला फिरवलं. मुद्रणात सगळं होतं, मोरेश्वर. तू एका जागी बसून आवाज वाढवत राहिलास. ऐकायचं असेल, तर माणसाला आधी आपली जागा सोडावी लागते. यंत्राचं मी सांगितलं. बाकीचं तुझं तू जाण."

त्या बैठकीनंतर वृंदाने विचारले तेव्हा, वायरी गुंडाळताना, आपण आपल्या जागेवरून हललो नव्हतो, हे मोरेश्वरला आता उमगले.

लय वाढली. एका द्रुत तुकड्यात डावा हात किंचित मागे पडला, क्षणभर चाचपडला आणि समेच्या आधी नेमका जागेवर आला. मोरेश्वरने मुद्रण मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा.

"इथे मागे पडलीस," तो हळूच म्हणाला. "पण सावरलंस."

आबांनी चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला. ते शब्द त्यांच्यासाठी नव्हते.