हौसा रफूगारीण आणि फाटका शेला

एका राज्यात दोन सिंहासनं होती आणि दोन भाऊ राजे होते. थोरला उदयभान, धाकटा अभयभान. त्यांच्या वडिलांना कांचनी नावाच्या जादूगारणीनं एक रेशमी शेला दिला होता. वडील गेले. शेला माझा, नाही माझा, असं म्हणत दोघांनी एकेक पदर धरून ओढला आणि शेला मधोमध वीतभर फाटला. त्याच क्षणी कांचनी दरबारात उभी राहिली. म्हणाली, “दोघांनाही सगळा हवा होता. आता हा नीट सांधला जाईपर्यंत एकमेकांना पाहू नका, ऐकू नका.” आणि ती दिसेनाशी झाली.

तेव्हापासून थोरल्याला शेजारचं सिंहासन रिकामं दिसे, धाकट्यालाही तसंच. एका पंक्तीत दोघे जेवत आणि दोघांनाही वाटे, आपण एकटेच जेवतो आहोत.

अशी सात वर्षं गेली. मग दवंडी फिरली: राजरफूगार नेमणे आहे. येत्या पौर्णिमेला सकाळी मुलाखत.

त्याच नगरात कारागीर आळी होती. आळीचा कायदा असा, की ज्या घरधन्याच्या स्वतःच्या हाताला काम, त्यालाच घर. तिथे केरबा रफूगार राहत होता. फाटलेलं कापड तो असं विणून सांधी, की फाटलं कुठे होतं ते कुणाला सापडू नये. पण अकरा वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरू लागले. तेव्हापासून आतल्या खोलीत बसून सगळं काम त्याची बायको हौसा करी आणि गिऱ्हाइकं केरबाला शाबासकी देऊन जात. आता आळीच्या मुखियाला ते कळलं होतं. पौर्णिमेनंतर घर सोडा, असा त्याचा निरोप आला होता. घरातल्या कुणाला राजदरबारी नेमणूक मिळाली, तरच घर राहणार होतं.

“तू जायचंस,” केरबा म्हणाला.

“मला बोलता कुठे येतं?”

“शिकवतो की.”

तीन दुपारी तालीम चालली. केरबा डोक्याला पागोटं गुंडाळून, पालथ्या टोपलीवर प्रधान होऊन बसे. पहिल्या दुपारी हौसाचा आवाजच फुटेना.

“अगं, मुंगीला ऐकू जाईल एवढं तरी बोल!”

“प्रधान टोपलीवर बसतात का? मला हसू येतं.”

दुसऱ्या दुपारी आवाज निघाला, पण नजर जमिनीवरच राहिली. तिसऱ्या दुपारी नजरही वर आली. केरबानं एक रफू केलेलं उपरणं पुढे धरून विचारलं, “हे काम कुणाचं?”

“ह्यांचं,” हौसा म्हणाली.

केरबानं पागोटं काढून ठेवलं. “तिथे असं सांगितलंस तर नोकरी मला देतील. माझ्या हातात आमटीची वाटी राहत नाही, हौसा.”

“पण तुमचं नाव आहे आळीत. ते मी कसं पुसू?”

“नाव घेऊन वेशीबाहेर बसायचं का आपण?”

हौसानं उपरण्याची घडी घातली, उकलली, पुन्हा घातली.

पौर्णिमेला ती दरबारात गेली. दोन सिंहासनांवर दोन राजे बसले होते, मध्ये प्रधान होता आणि चांदीच्या दांडीवर न्यायराघू होता. त्या राघूसमोर कुणी खोटं बोललं, की त्याचं एक पीस गळून पडे. हौसाच्या आधी चाळीस रफूगार येऊन गेले होते. राघूच्या अंगावर आता शेपटीची दोनच पिसं उरली होती आणि गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळली होती.

“बाई,” राघू म्हणाला, “जरा बेतानं. मला फार गारठा लागतो.”

प्रधानानं पहिला प्रश्न केला, “तुझं काम दाखव.”

आधीच्यांनी जरीची फुलं, मोर, वेलबुट्टी आणली होती. हौसानं ते साधं उपरणं पसरलं. प्रधानानं उलटसुलट करून पाहिलं.

“इथे तर काहीच नाही.”

“हेच काम आहे, प्रधानजी. मधोमध चार बोटं जळलं होतं.”

प्रधानानं उपरणं उजेडाकडे धरलं, बोटं फिरवली आणि मान डोलावली. मग दुसरा प्रश्न आला. “हे कुणी केलं?”

हौसाच्या तोंडून सवयीनं निघालं, “आमच्या यजमानांनी.”

टपकन एक पीस पडलं.

“एकच राहिलं हो!” राघू कळवळून ओरडला.

हौसानं डोळे मिटले. टोपलीवर बसलेला केरबा तिला दिसला. मग डोळे उघडून ती म्हणाली, “शिकवलं त्यांनी. केलं मी. अकरा वर्षं आमच्या घरातलं सगळं काम मीच केलं आहे.”

शेवटचं पीस जागेवर राहिलं.

“आता तिसरा प्रश्न,” प्रधान म्हणाला आणि शेला पुढे ठेवला. “हा कोणत्या धाग्यानं सांधशील? सोन्याचा हवा की रुप्याचा?”

“बाहेरचा कुठलाच नको. परका धागा कापडाशी एकजीव होत नाही. ह्याच शेल्याच्या दोन्ही पदरांतून धागे काढावे लागतील. दोन्हीकडून दोन-दोन बोटं आखूड होईल.”

“माझा पदर राहू दे,” उदयभान म्हणाला. “धाकट्याच्या पदराचे काढ.”

त्याच वेळी अभयभान म्हणत होता, “थोरल्याच्या पदराचे काढ.”

एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नाही. हौसाला दोघांचं गेलं.

“एकाच बाजूचे धागे घेतले तर ताण तिकडेच जातो, महाराज. सणासुदीला खांद्यावर टाकाल आणि पुन्हा फाटेल.”

प्रधान तिच्या कानाशी आला. “बाई, हो म्हण. नेमणूक आत्ता देतो. पुढचं पुढे बघू.”

हौसाच्या घरातली भांडी सकाळीच पोत्यात भरून झाली होती. तरी तिनं सुई डबीत ठेवली. “फाटेल असं काम मी करत नाही. मला जायची आज्ञा द्या.”

ती वळली तेव्हा, सात वर्षांत कुणालाच न विचारलेलं उदयभानानं हळूच विचारलं, “बाई, तुला अभय दिसतो का? त्याचा खोकला बरा आहे?”

“बरा आहे. खोकला नाही.”

“आणि दादा?” अभयभान म्हणाला. “नीट जेवतो ना?”

“तुमच्या शेजारीच बसलेत. वाळलेत जरा.”

मग थोरल्यानं आपल्या बाजूचा पदर उचलून हौसापुढे धरला. धाकट्यानंही आपला धरला. दोघांनाही दुसऱ्याचा पदर नुसता हवेत उचललेला दिसत होता.

हौसा खाली बसली. एक धागा ह्या पदराचा, एक त्या पदराचा, असं करत ती ऊन कलेपर्यंत विणत राहिली. शेवटचा धागा आत गेला आणि फाटलेली जागा तिची तिलाच सापडेना.

उदयभानानं मान वळवली. “अरे, तुझे केस पिकले की!”

“तुझे तरी कुठे काळे राहिलेत, दादा?” अभयभान म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

शाप सुटला. राज्याची घडी बसली. शेला सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहू लागला. पावसाळा सरेपर्यंत राघू पुन्हा हिरवागार झाला. हात थकला म्हणून आळीत कुणाचं घर जाणार नाही, असा हुकूम निघाला आणि तो सांगायला मुखिया स्वतः आला.

राजरफूगार होऊन हौसा रोज सकाळी राजवाड्यात जाऊ लागली. एके दिवशी एक परगावचं गिऱ्हाईक काखेत फाटकी शाल घेऊन दारात उभं राहिलं आणि म्हणालं, “नामांकित रफूगार राहतात ते हेच घर ना? आपणच का ते?”

केरबा ओट्यावर उन्हात बसला होता. तो सावरून बसला.

“हेच घर,” तो म्हणाला. “बाई कामावर गेल्यात. बसा, पाणी देतो. तांब्या मात्र तुम्हीच धरा.”