धुक्याचा पाहुणचार

फार फार वर्षं झाली, इतकी की मोजणारेही उरले नाहीत. डोंगराच्या कुशीत भाताचं एक गाव होतं. शेतात लोंब्या बाहेर पडू लागल्या की तिथले लोक बांधावरच्या दगडापुढे पेजेची वाटी ठेवत आणि धुक्याला म्हणत, "ये, पेज पी आणि जा." यातला एकही शब्द गाळायचा नाही, अशी रीत होती.

त्या गावच्या धाकूचा जीव मात्र धास्तावलेला. आदल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात कडक ऊन पडलं आणि निम्मं भात पोचट गेलं. यंदा खाण्यापुरते चार शेर सोडून घरातलं सगळं बियाणं त्यानं पेरलं होतं. हेही गेलं की चूल विझलीच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकूनं तर कमालच केली. दगडापुढे वाटी ठेवून तो धुक्याला म्हणाला, "ये, पेज पी आणि इथंच ऱ्हा."

धुकं आलं आणि राहिलं. शेजारच्या शेतांत रोज ऊन पडे, धाकूच्या बांधावर पांढरी भिंत उभी असे. बैल तिथं येऊन अडे. आत बेडूकसुद्धा ओरडत नसे. कुणीतरी सावकाश चोखत असल्याचा आवाज तेवढा येई. धाकूच्या अंगावर काटा यायचा, पण लोंब्या ताठ दिसत म्हणून तो मनाची समजूत घाली. पाखरू फिरकत नाही, फुकटात राखण होते, असं बायकोला ऐकवी.

त्याची बायको जनाई म्हणाली, "अवो, भरल्या लोंब्या वाकतात. आपल्या अजून ताठ हायत. आन् जिथं पाखरू येत नाय, तिथं दाणा नसतो."

धाकूनं कानाआड केलं. कापणी झाली, झोडणी झाली. खळ्यावर त्यानं सूप वाऱ्याला धरलं आणि सगळंच उडून गेलं. खाली एक दाणा पडला नाही.

तो रडतच दगडापाशी धावला. रिकाम्या शेतात धुकं तसंच उभं होतं.

"माझं भात कुठं हाय?"

आवाज अगदी कानाशी आला. "दाण्यात दूध होतं तेव्हाच प्यालो. येऊन जाणाऱ्याला वाटीभर पेज पुरते, धाकू. राहणाऱ्याला रोज जेवण लागतं."

"आता जा," धाकू कसाबसा म्हणाला.

"जातो," धुकं म्हणालं. "पेज ठेव."

खाण्यापुरते ठेवलेले चार शेर केव्हाच संपले होते. धाकूच्या घरात पेजेपुरताही तांदूळ नव्हता.

म्हणून म्हणतात, उन्हाला भिऊन जो कायमची सावली मागतो, त्याच्या सुपात कोंडाच येतो.