भावखडकावरची एकच खूण

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा समुद्रालाही कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या समुद्रात दोन छोटी बेटं होती. माडबेटावर भात होता, नारळ होते, विहिरींना गोड पाणी होतं. खडकबेटावर मासळी आणि तांबं, बाकी नुसता दगड. माडबेटाचे लोक कवड्यांनी व्यवहार करत, खडकबेटाचे लोक तांब्याच्या वळ्यांनी.

एका वळ्याला किती कवड्या, हे ठरायचं दोन्ही बेटांच्या मधोमध. तिथे एक खडक वर्षातून एकदाच, सर्वांत मोठ्या ओहोटीला, पाण्याबाहेर येई. त्याला भावखडक म्हणत. दोन्ही मुखियांनी तिथे उतरायचं, भाव ठरवायचा आणि जितक्या कवड्या तितक्या खुणा कोरायच्या. छिन्नी खडकबेटाची, हातोडा माडबेटाचा. एकाने धरायची, दुसऱ्याने मारायचा. भरतीने खडक बुडाला की तोच भाव वर्षभर. खूण न कोरताच बुडाला, तर वर्षभर व्यापार बंद.

खडकावर जुन्या भावांच्या ओळीच ओळी होत्या, बहुतेक दहा-दहा खुणांच्या. एकच ओळ लांबलचक होती, चाळीस खुणांची. वादळाने माडबेटाचं पीक झोपवलं त्या सालची. तेव्हा खडकबेटाने अडवून धरलं होतं. सुकी मासळी वळ्यांतच मिळेल, हवी तर एकेका वळ्याला चाळीस कवड्या मोजा, म्हणाले. माडबेटावर कित्येक चुली थंड राहिल्या. माडबेटाच्या तरुण मुखियाला त्याच्या आजोबांनी लहानपणापासून ही ओळ दाखवली होती आणि दर वेळी सांगितलं होतं, विसरू नकोस.

तो विसरला नव्हता. आणि एका साली खडकबेटावर पाऊसच पडला नाही.

त्या ओहोटीला खडकबेटाची म्हातारी मुखीण होडीतून उतरली तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते. तिने छिन्नी पुढे धरली.

"दहा कवड्या, पोरा. नेहमीचा भाव."

"एक," मुखिया म्हणाला.

म्हातारीला वाटलं, तो थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा दगडासारखाच होता.

"अरे, एका कवडीला तुझ्याकडे पाण्याचा एक माठ मिळतो. एका वळ्याला एक माठ घेत बसलो, तर आमची सगळी वळी पावसाळ्याच्या आत संपतील. मग लेकरांना काय पाजू?"

मुखियाने त्या लांब ओळीवर पाय आपटला. "हे कोरलं तेव्हा आमच्या लेकरांचा विचार केला होतात?"

"नव्हता केला," म्हातारी म्हणाली. "माझ्याच बापाने केलं ते. वाईट केलं. मी तुझी माफी मागते. पाच कर."

लाटा खडकाच्या कडेवर चढू लागल्या होत्या.

"एक."

"तुझी सख्खी बहीण माझी सून आहे. दिवस गेलेत तिला."

मुखियाने हातोडा घट्ट धरला. मग म्हणाला, "व्यवहारात नातं आणू नका, मावशी."

मागे होडीत त्याचा मामा सुकाणू धरून बसला होता. त्याला राहवेना. "अरे बाबा, कवडी फुटते, तांबं टिकतं, म्हणून आपल्या बायकांनी गाडग्यांत वळीच साठवलीत. लेकींच्या लग्नाची, म्हातारपणाची. वळ्याचा भाव पाडशील तर..."

"मामा, गप्प बसा!"

पाणी घोट्यापर्यंत आलं. म्हातारीने एकदा आपल्या बेटाकडे पाहिलं. व्यापार बंद झाला तर एक माठही मिळणार नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने छिन्नी टेकवली. मुखियाने हातोडा उचलला आणि एकच घाव घातला.

"तुझी ओळ सगळ्यांत छोटी झाली," म्हातारी म्हणाली. छिन्नी पदरात गुंडाळून ती होडीत चढली.

मुखिया छाती फुगवून घरी परतला. पण बातमी त्याच्याबरोबरच बाजारात पोचली. गावातली एक आजी वळ्यांचं गाडगं घेऊन तांदूळ आणायला गेली आणि ओंजळभर तांदूळ घेऊन रडत आली. मग दुसरी गेली, आणि आठवडाभरात सगळं गावच गाडगी घेऊन मुखियाच्या दारात उभं राहिलं. जन्मभराची पुंजी एका घावात मातीमोल झाली होती. आता भाव बदलायचा म्हटलं तरी खडक पाण्याखाली होता.

"बदलू कसा?" मुखिया डोकं धरून बसला.

"भाव खडकात कोरलायस, पाणी नाही कोरलंस," मामा ओरडला. "ते तहानलेल्यांना फुकट देता येतं की! बहीण आठव तुझी!"

इतकी साधी गोष्ट मुखियाला सुचली नव्हती. सूड डोक्यात असला की साध्या गोष्टी सुचत नाहीत, हे मी पुष्कळ शहाण्या माणसांतही पाहिलंय. मिळतील तेवढे माठ होड्यांत भरून तो निघाला आणि हात सोलवटेपर्यंत वल्हवत राहिला.

खडकबेटाच्या किनाऱ्यावर एकही होडी नव्हती. चुलींतली राख थंड होती. त्या आठवड्यात वळी मोजून जेवढं विकत घेता आलं, तेवढं पाणी बरोबर घेऊन ते लोक दूर कुठे निघून गेले होते. बहिणीच्या दारात एक रिकामा माठ पालथा घातलेला होता. मुखियाने तिला हाका मारल्या. खूप हाका मारल्या.

वर्ष सरलं. मोठी ओहोटी आली तसा तो भावखडकावर जाऊन उभा राहिला. त्याच्या बेटावर गाडगी भरभरून वळी होती आणि ती घेणारं जगात कुणी उरलं नव्हतं. पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. समोरून होडी आली नाही. त्याच्या हातात हातोडा होता. छिन्नी धरायला मात्र कुणीच नव्हतं.

बोध: जुना सूड आजच्या भावात वसूल करणारा समोरच्याला बुडवतो आणि त्याच्याबरोबर स्वतःच्या माणसांनाही बुडवतो.