जोतिबापर्यंतचं पेट्रोल

उपळेकर सरांनी उभा जन्म इंजिनं शिकवण्यात घालवला, पण स्वतःसाठी गाडी घ्यायची म्हटलं की त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडायचा. कोल्हापूरच्या त्या शोरूममध्ये मॅनेजर इंगवले तासभर त्यांना बोलूच देत नव्हता.

"सर, परवडणारी स्पोर्ट सेडान आहे ही! ताकद जुन्या गाडीच्या दीडपट आणि ॲव्हरेज बावीस. घाटातसुद्धा!"

"दोन्ही एकाच वेळी?"

"शिकलेल्या माणसांचं हेच असतं, नुसती भीती! तुमची जुनी गाडी आजच इथे सोडा आणि सही करा."

सर वैतागले. आपलंच चुकत असेल, असंही त्यांना वाटून गेलं. शेवटी म्हणाले, "आधी एक चक्कर तरी मारू द्या."

चक्कर मारायच्या गाडीत बसताच पेट्रोलचा लाल दिवा लागला. शोरूमच्या गाड्यांत पेट्रोल कायम तळालाच असतं.

"आधी पंपावर घ्या, सर."

"कशाला? तळाशी तीन लिटर तरी असेल. तुमच्या बाविसाने जोतिबाचा डोंगर चढून परत येऊ, वर उरेलही. चला, तुम्हीही बसा."

इंगवलेने कपाळ पुसलं. "नको सर, घाटात बंद पडली तर?"

"घाबरायचं काम माझं आहे, इंगवले. तुम्ही का घाबरताय?"

इंगवले ओशाळला. "ताकद खरंच वाढलीय, सर. ॲव्हरेजही सुधारलंय. पण घाटात दाबून चालवली तर दहासुद्धा..."

"हे तासाभरापूर्वी बोलला असतात, तर सही झाली असती."

सर उतरून आपल्या जुन्या गाडीत बसले आणि सवयीने आधी पेट्रोलचा काटा बघितला.