सोनेरी जाळीचं पान

फार पूर्वी, धुक्यात बुडालेल्या एका खोऱ्यात हौसा नावाची माळीण राहत होती. गावातल्या घरोघरी तिच्याच मळ्यातली भेंडी शिजायची. बांधापलीकडे म्हाताऱ्या ठकूमावशीचा भेंडी लावलेला जमिनीचा छोटा तुकडा होता.

एका सकाळी हौसाला एक वेगळंच झाड दिसलं. पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या होत्या, जणू हिरव्या पानावर कुणी सोन्याची जाळी विणली होती. ऊन पडलं की पान दिव्यासारखं उजळायचं. हौसा बघतच राहिली.

ठकूमावशी बांधावर आली. "पोरी, ते झाड उपट. रोग आहे तो. पांढरी माशी त्याला झाडाझाडावर पोचवते."

"मावशी, एकच तर झाड आहे. आणि किती देखणं!"

मावशी आपल्या झाडांकडे परत गेली.

पंधरवड्यात जवळजवळ अख्खा मळा सोनेरी झाला. भेंड्या मात्र पिवळट, आखूड, राठ येऊ लागल्या. असं का व्हावं, याचा विचार करत हौसा दुपारी झाडांच्या सावलीत टेकली आणि तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती लहान लहान होत गेली आणि थेट पानाच्या आत उतरली. आत असंख्य इवल्या खोल्या होत्या. सगळीकडे मऊ हिरवा उजेड होता आणि खोलीखोलीत कामकरी ऊन-पाण्याची साखर रांधत होते.

एवढ्यात पांढऱ्या माशीच्या सोंडेतून एका खोलीत पाहुणा आला. त्याला ना तोंड, ना हात, ना श्वास. नुसता एक अंगरखा आणि त्यात गुंडाळलेली चिठ्ठी. अंगरखा गळून पडला. कामकऱ्यांनी चिठ्ठी वाचली आणि हातातलं काम खाली ठेवलं. कुणी तशाच चिठ्ठ्या उतरवू लागलं, कुणी अंगरखे शिवू लागलं. चिठ्ठीवर अंगरखा चढला की नवा पाहुणा तयार! बघता बघता खोली भरली. भिंतीतल्या बारीक वाटेने पाहुणे शेजारच्या खोलीत शिरले. मागचा हिरवा उजेड विझत गेला आणि फिकट पिवळा तेवढा उरला.

"अरे, हाकला त्याला!" हौसा ओरडली.

"कुणाला?" एक कामकरी मान वर न करता म्हणाला. "चिठ्ठी आमच्याच लिपीत आहे. आम्हाला वाटतं, हे आमचंच काम."

"आणि तुमची साखर?"

"ती करायला हात रिकामे कुठे आहेत?"

हौसा दचकून जागी झाली. समोर पानं झळकत होती. विझलेल्या खोल्यांनाच आपण सोनं समजलो, हे तिला कळलं. आता उपटायचं तर जवळजवळ सगळाच मळा जाणार होता. ती क्षणभर घुटमळली. मग धावत बांधापलीकडे गेली.

"मावशी, चुकले मी. तुझी झाडं अजून हिरवी आहेत, ती तरी वाचायला हवीत. माझी उपटायला येतेस?"

दोघींनी संध्याकाळपर्यंत रोगट झाडं उपटून खोल खड्ड्यात पुरली. हौसाचा मळा उघडा पडला. त्या हंगामात गावाने मावशीच्या तुकड्यातली भेंडी वाटून खाल्ली. का ते हौसाने घरोघरी जाऊन स्वतः सांगितलं.

हंगाम सरल्यावर मावशीने तिच्या ओंजळीत बी ओतलं. "घे. आणि या खेपेला पान नुसतं बघू नकोस, ओळख."

तात्पर्य: काही संकटांना स्वतःचे हात नसतात, ती आपल्याच हातांनी वाढतात, म्हणून आपले हात कुणाचं काम करताहेत, हे वेळीच पाहावं.