चिमाआत्या 'कन्सिडर' शिकली

आमच्या वाडीला नळ नव्हता. बायका ओढ्यातून पाणी आणत. खालच्या गावापर्यंत पाइप आला होता, पण पुढे आणायला तालुक्याच्या साहेबाची मंजुरी हवी होती. साहेब दर वर्षी पाहणीला यायचा, जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "कन्सिडर करतो."

एका वर्षी जेवण चिमाआत्याकडे होतं. वाढता वाढता तिने विचारलं, "साहेब, कन्सिडर म्हंजी काय वो?"

साहेब हसला. "आजी, इंग्रजी शिकायचंय? कन्सिडर म्हणजे विचार करणे. नाही म्हणायचं नाही, विचार चालू ठेवायचा."

"आन् वापरायचा कवा?"

"कुणी काही मागितलं की वापरायचा!"

एवढं बोलून त्याने भाकरीबरोबर ठेच्याचा मोठा घास घेतला. लगेच डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं. तो पाण्याचा तांब्या शोधू लागला. तांब्या आत्याच्या हातात होता.

"आजी, पाणी!"

"कन्सिडर करते, साहेब."

पंगत थांबली. साहेब ओरडला, "अहो, पाहुण्याला पाणी नाही म्हणता?"

"न्हाई कुठं म्हनलं? पाव्हन्याला न्हाई म्हनायची आमच्यात रीत न्हाई. इचार चालू हाय."

"किती वेळ?"

"तुमचा संपला की माजा संपला."

"मंजूर! पाइप मंजूर!"

आत्याने तांब्या पुढे केला. पावसाळ्याआधी वाडीत नळ आला.

साहेब पुढच्या वर्षीही जेवायला आला. बसल्या बसल्या त्याने आधी तांब्या आपल्या ताटाशी ओढून घेतला.