दगड होत चाललेला राजा आणि जळणारा प्रधान

एका राज्यात घडलेली ही हकीकत गळ्याशपथ खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि तसे राज्यही कुठे नव्हते. पण तेवढ्याने खरेपणाला काय बाध येतो?

तर त्या राज्याचा राजा मणिधर पायांकडून दगड होत चालला होता. त्याचा धाकटा भाऊ सुबाहू याने मांत्रिकाच्या भुयारातून घायाळ होऊन पाचूंचा हार आणला, थोरल्याच्या गळ्यात घातला आणि तिथेच प्राण सोडला. हार शापित होता. घालणारा पाषाण व्हायचा. त्याने स्वहस्ते उतरवला तरच सुटका. भावाची शेवटची भेट म्हणून राजा तो उतरवीना.

प्रधान भद्रायू हा राजाचा बाळपणापासूनचा सखा. तिथली रीत अशी की सल्ला उभ्याने द्यावा, काठी आपटून द्यावा आणि उत्तराला न थांबता निघून जावे. भद्रायूने रीत पाळली. पहिल्यांदा त्याने हार उतरवण्याचे शास्त्र समजावले. घोटे दगड झाले. दुसऱ्यांदा प्रजेची आण घातली, गुडघे गेले. तिसऱ्यांदा, मेलेले परत येत नाहीत, असे सुनावले. कंबर गेली, आणि राजाने तोंड फिरवले.

अशात एक बोलणारा धनेश पक्षी खिडकीतून आला आणि राजाच्या खांद्यावर बसला. दोन घास खा म्हणाला, राजा जेवला. डोळे मीट म्हणाला, राजा झोपला. हेच सांगून सांगून भद्रायूचा घसा बसला होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. या चोचवाल्याजवळ कोणता मंत्र आहे म्हणून तो पडद्याआडून ऐकू लागला. मंत्र कसला! पक्षी सुबाहूविषयी विचारी आणि राजा सांगे, तो पाण्याला किती भीत असे, आंब्याच्या कोयी कुठे लपवी. त्या साऱ्या गोष्टींत भद्रायूही होता. हेच त्याला फार झोंबले.

त्याने धनेशाला पिंजऱ्यात कोंडले. सकाळी राजाची छाती दगड झाली होती.

भद्रायू धावत पिंजऱ्याशी आला. "चल. तुझेच तो ऐकतो."

"येतो," धनेश म्हणाला. "पण हार तुझ्या शब्दावर उतरावा, असे तुला वाटते ना?"

प्रधानाने मान डोलावली.

"मग आज काठी बाहेर ठेवून जा, आणि खाली बैस."

भद्रायू गेला आणि राजाच्या दगडी पायांशी मांडी घालून बसला.

"मणी, सुबाहू नदीत पडला होता ती गोष्ट सांग."

"तू होतास की तिथे."

"होतो. तरी सांग."

राजाने सांगितली. मध्येच दोघे हसले, मग दोघेही रडले. दगड गळ्याशी येऊन थबकला. हात तेवढे अजून हलत होते.

"भद्रा, मी काय करू?"

"हार काढ, मणी."

राजाने हार काढला. अंगावरचा दगड वाळल्या गिलाव्यासारखा गळून पडला, पाचूंचे चिंचोके झाले, आणि त्या दिवसापासून दरबारात सल्ला देणाऱ्यासाठी पाट मांडू लागले. भद्रायूने हसतमुखाने पिंजरा उघडला आणि धनेशाला राजाच्या खांद्यावर पोहोचवले.

आता कबूल करतो, यातले एक मी पदरचे घातले. पक्षी खरा, हार खरा, चिंचोकेही खरे. प्रधानाने पिंजरा उघडला, तेही खरे. तो हसला मात्र नव्हता.